एका कार्डाचे चार वाटेकरी

घराची वाटणी करावयाची म्हटले म्हणजे मध्ये भिंत घालून काम संपत नाही, हे ज्यांनी वाटण्या पाहिल्या आहेत त्यांना सांगावयास नको. विहीर कोणाच्या वाट्याला, पायवाट कोणाच्या दारावरून, एकाच्या छपराचे पाणी दुसऱ्याच्या अंगणात पडते त्याचे काय, हे प्रश्न भिंत उभी राहिल्यानंतरच उभे राहतात. खोल्या वाटता येतात; पाया मात्र एकच राहतो, आणि त्याला कोणी हात घातला तर हादरा सर्वांनाच बसतो. आज संगणकाच्या क्षेत्रात एका महागड्या यंत्रभागाची अशीच वाटणी होऊ लागली आहे, आणि तिच्यातून निघणारे प्रश्नही याच जातीचे आहेत. हा यंत्रभाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. आणि त्याचा पाया म्हणजे त्याच्या पोटात लिहून ठेवलेले फर्मवेअर.

ग्राफिक्स कार्डाचा जन्म पडद्यावर चित्र उमटविण्यासाठी झाला. चित्रातील लक्षावधी ठिपक्यांचे गणित एकाच वेळी करावे लागते, म्हणून त्यात लहान लहान गणकांची मोठी पलटण बसविलेली असते. हीच पलटण पुढे हवामानाचे अंदाज, औषधांच्या रेणूंचे गणित, चित्रपटांतील दृश्ये आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची शिकवणी या कामांस जुंपली गेली. कार्डाची शक्ती वाढली तशी किंमतही वाढली, आणि एका माणसाच्या साध्या कामाला ते पुरून उरू लागले. एखाद्या महाविद्यालयाने मोठ्या खटपटीने असे एक कार्ड घ्यावे, सकाळी एका विद्यार्थ्याने त्याचा चौथा हिस्सा वापरावा आणि बाकीच्या तिघांनी आपली पाळी येण्याची वाट पाहत बसावे, यात शहाणपण नाही. तेव्हा एकच कार्ड चौघांत वाटून द्यावे, हा विचार सुचणे स्वाभाविकच होते.

ही वाटणी दोन प्रकारांनी करता येते. जुना प्रकार पाळीचा. प्रत्येकाला मेमरीचा ठरीव भाग द्यावयाचा. पण गणकांची पलटण एकच, ती क्षणभर एकाकडे, क्षणभर दुसऱ्याकडे, अशी फिरती ठेवावयाची. एकाचे काम जड झाले की त्याची झळ इतरांना पोचू शकते. दुसरा प्रकार खऱ्या भिंतीचा. यात गणक, मेमरी आणि मेमरीकडे जाणाऱ्या वाटासुद्धा तोडून वेगळ्या दिल्या जातात. एकाचे काम कोसळले तरी शेजाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. एनव्हिडिया कंपनीने २०२० साली ए१०० या कार्डाबरोबर ही दुसरी रीत आणली आणि एका कार्डाचे सातपर्यंत भाग करून दाखविले. मल्टि-इन्स्टन्स जीपीयू या तिच्या नावाची आद्याक्षरे घेऊन तिला 'मिग' म्हणतात. त्या नावाच्या लढाऊ विमानाशी तिचा काही संबंध नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक, ज्याला नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वे स्थान मिळाले, तो याच ए१०० कार्डांवर उभारलेला आहे.

परंतु ए१०० हे मोठ्या संगणकगृहात राहणारे कार्ड. त्याला मॉनिटर जोडण्याची सोयच नसते. टेबलाजवळच्या वर्कस्टेशनमधील, मॉनिटर जोडता येणाऱ्या कार्डांपर्यंत ही रीत आली ती २०२५ साली, ब्लॅकवेल पिढीबरोबर. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आरटीएक्स प्रो ६००० या कार्डाची मेमरी ९६ जीबी आहे. ती २४ जीबीच्या चार भागांत वाटता येते, किंवा ४८ जीबीच्या दोन भागांत, अथवा अखंड ठेवता येते. दहा एकाला आणि शहाऐंशी दुसऱ्याला, असा मनास येईल तसा वाटा मात्र पाडता येत नाही. माप कारखान्यातच ठरलेले आहे. आणि येथूनच अडचणींस आरंभ होतो, कारण जे काम संगणकगृहातील जाणत्या मंडळींनी करावयाचे, ते आता दोन खोल्यांच्या कार्यालयातील वा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील एकट्या माणसावर येऊन पडले आहे.

ही भिंत विटांची नसते. ती उभी करतो तो आज्ञांचा एक संच, आणि त्यालाच फर्मवेअर म्हणतात. यंत्राचा कठीण भाग हार्डवेअर, त्यावर चालणारे कार्यक्रम सॉफ्टवेअर, आणि दोहोंच्या मध्ये घट्ट बसलेले ते फर्मवेअर. १९६७ साली ॲशर ऑप्लर यांनी 'डेटामेशन' या मासिकातील लेखात हा शब्द प्रथम रूढ केला. तेव्हा त्याचा अर्थ आजच्यापेक्षा बराच संकुचित होता. आजच्या ग्राफिक्स कार्डात फर्मवेअरचे दोन थर ध्यानात ठेवावे लागतात. पहिला थर कार्डावरील एका चिपमध्ये कायमचा लिहिलेला असतो. वीज येताच कार्डाला जागे करणारा तोच. त्याला व्हीबायोस असे नाव आहे. दुसरा थर संगणक सुरू होताना ड्रायव्हर नावाचा कार्यक्रम आपल्या हाताने कार्डात उतरवितो, आणि त्याची आवृत्ती ड्रायव्हरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते.

हा भेद केवळ पंडिती नाही. ड्रायव्हर बदलून पस्तावल्यास जुना ड्रायव्हर पुन्हा घालता येतो, आणि त्याच्याबरोबर फर्मवेअरचा दुसरा थरही मागे जातो. पहिल्या थराचे तसे नाही. चिपमधील लेखन पुसून नवे लिहिले म्हणजे जुने गेले. आणि पुष्कळदा नवी आवृत्ती जुनीला परत येऊच देत नाही. एक बदल पाटीवर लिहिण्यासारखा, तर दुसरा ताम्रपटावर कोरण्यासारखा. दोहोंनाही लोक 'अपडेट' या एकाच शब्दाने संबोधतात, हा घोटाळ्याचा पहिला उगम होय.

आता आरटीएक्स प्रो ६००० या कार्डाचेच उदाहरण घेऊ. ते विकत आणले, खाचेत बसविले आणि भाग पाडण्याची आज्ञा दिली, एवढ्याने भाग पडतील असे नाही. त्यासाठी व्हीबायोस एका किमान आवृत्तीचा असावा लागतो. आरंभीच्या खेपेतील कार्ड त्याहून जुने निघाले तर आधी फर्मवेअर बदलणे आले. ड्रायव्हर ५७५ या मालिकेतील किंवा तिच्यानंतरचा असावा लागतो. आणि तिसरी अट सर्वांत महत्त्वाची: कार्डाला चित्राच्या रीतीतून गणिताच्या रीतीत न्यावे लागते. त्यासाठी एक वेगळे साधन मिळते. ते कार्डाच्या कायम स्मृतीतच हा बदल नोंदवून ठेवते. गणिताच्या रीतीत गेलेल्या कार्डाची मॉनिटरची तोंडे बंद होतात.

याचा अर्थ नीट समजावून घेतला पाहिजे. वर्कस्टेशनमध्ये तेवढे एकच कार्ड असेल आणि मॉनिटर त्यालाच जोडलेला असेल, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर पडदा काळाच राहील. यंत्र बिघडलेले नसते. त्याला जे सांगितले तेच त्याने केलेले असते. परंतु समोर बसलेल्या माणसाला आज्ञा मागे घ्यावयाची म्हटले तर आज्ञा लिहावयास पडदाच नाही! आणि हा बदल कार्डाच्या पोटात नोंदलेला असल्यामुळे कार्ड काढून दुसऱ्या संगणकात बसविले तरी पडदा काळाच. ही गोष्ट अगदी नवी आहे असेही नाही. २०१५ साली आलेल्या टेस्ला एम६० या कार्डालाही अशाच दोन रीती होत्या आणि त्या बदलण्याचे साधनही निराळे होते. तेव्हा हा अनुभव संगणकगृहांपुरता होता. आता तो टेबलापर्यंत आला आहे.

यावर उपाय म्हणून जाणते लोक दुसरे एक लहानसे कार्ड केवळ पडद्यासाठी ठेवावयास सांगतात. सल्ला उत्तम, पण त्यातही एक खोच आहे. कपाटातले जुने कार्ड काढून बसवावे, असे कोणासही वाटेल. समजा, ते एनव्हिडियाच्याच पास्कल पिढीतील, म्हणजे २०१६ च्या सुमाराचे आहे. लिनक्स कार्यप्रणालीवर ब्लॅकवेल पिढीच्या कार्डाला ड्रायव्हरचा खुला प्रकारच लागतो; आणि तो खुला प्रकार २०१८ च्या ट्युरिंग पिढीच्या आधीच्या कार्डांना ओळखतच नाही. पास्कलला बंद प्रकार हवा, ब्लॅकवेलला तो चालत नाही. एका घरात दोन कार्डे, आणि दोघांना मान्य असा एकही कारभारी नाही! शिवाय ५८० ही पास्कलला सांभाळणारी शेवटची मालिका, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणून पडद्यासाठी एकतर प्रोसेसरमध्येच असलेली चित्राची सोय वापरावी, किंवा ट्युरिंगनंतरचे छोटे कार्ड घ्यावे, आणि आधी पडदा त्यावर चालवून पाहून मगच मोठ्या कार्डाला हात लावावा.

दुसरा भागीदार म्हणजे मदरबोर्ड. प्रोसेसर कार्डाची मेमरी एका खिडकीतून पाहतो. पूर्वी ही खिडकी २५६ एमबीची असे आणि संगणकाच्या पहिल्या ४ जीबी पत्त्यांच्या प्रदेशात ती सहज मावे. या खिडकीचा आकार नेहमी दोनाच्या घातात असतो. म्हणून ९६ जीबी मेमरी एकदम दिसावयाची असेल तर १२८ जीबीची खिडकी लागते. ती ४ जीबीच्या पलीकडे उघडण्याची परवानगी मदरबोर्डच्या बायोसमध्ये द्यावी लागते, आणि जुन्या बोर्डांना ते नेहमीच साधते असे नाही. कार्डाचे भाग निरनिराळ्या आभासी संगणकांस द्यावयाचे असतील, तर एसआर-आयओव्ही आणि आयओएमएमयू या दोन सोयीही तेथेच चालू कराव्या लागतात. यातील मौज अशी, की मदरबोर्डचे बायोस अद्ययावत केले म्हणजे या निवडी बहुधा मूळपदावर जातात. हात लावला बोर्डाला, आणि बंद पडली कार्डाची वाटणी. मग दोष कार्डावर येतो आणि दोन दिवस शोध चुकीच्या ठिकाणी चालतो.

आभासी संगणकांच्या व्यवस्थेत एक यजमान असतो आणि बाकीचे पाहुणे. यजमानाचा ड्रायव्हर वेगळा, पाहुण्यांचे वेगळे. एनव्हिडियाच्या व्यवस्थेत साधारण नियम असा, की दोघे एकाच मुख्य मालिकेतील असावेत, अथवा यजमान एक मालिका पुढे असावा. पाहुणा यजमानाच्या पुढे गेला तर मेळ तुटतो. आपल्या घरच्या शिष्टाचारात पाहुण्याला आधी पाटावर बसवितात; येथे मात्र क्रम उलटा! म्हणून नवी आवृत्ती घ्यावयाची तर आधी यजमान, मग एकेक पाहुणा. एखाद्या हौशी वापरणाऱ्याने आपल्या आभासी संगणकात परस्पर नवा ड्रायव्हर चढविला, म्हणजे त्याचा वाटा बंद पडतो, आणि तो तक्रार घेऊन येतो ती मात्र वाटणी बिघडल्याची.

इतर कंपन्यांच्या रीती निराळ्या आहेत. पण धर्म तोच. एएमडीने २०१६ साली फायरप्रो एस७१५० या कार्डात एसआर-आयओव्हीच्या आधारे वाटणी आणली. इंटेलने २०२५ मध्ये आणलेल्या आर्क प्रो बी५० या लहान कार्डाबाबतही वाटणीच्या सोयीचे वचन दिले. एका कंपनीचे ज्ञान दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला जसेच्या तसे लावणे मात्र धोक्याचे आहे.

शेवटचा थर वापरणाऱ्यांच्या कार्यक्रमांचा. मिगच्या रीतीत एका कार्यक्रमाला एकच भाग दिसतो. शेजारचे दोन भाग जोडून मोठे काम करू, असे म्हणून चालत नाही. ए१०० वर भाग पाडल्यावर चित्र रेखाटणारे कार्यक्रम चालत नसत. ब्लॅकवेल पिढीत ते चालतात. परंतु त्यासाठी भाग पाडतानाच चित्राची सोय असलेला नमुना निवडावा लागतो. भागांना हाक मारावयाच्या नावांची पद्धतसुद्धा ४७० या ड्रायव्हर मालिकेपासून बदलली. ज्यांनी जुनी नावे आपल्या आज्ञापत्रात हाताने लिहून ठेवली होती, त्यांना ती तपासून घेणे भाग पडले. आणि एक गोष्ट तर हमखास विसरली जाते: पाडलेले भाग संगणक पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाहीत. ते दर वेळी नव्याने पाडावे लागतात, किंवा ते आपोआप पाडले जातील अशी योजना करून ठेवावी लागते. रात्री वीज गेली आणि सकाळी चौघांचेही वाटे नाहीसे झाले, तर ती चोरी नव्हे. तो यंत्राचा स्वभाव आहे.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, की मग फर्मवेअरला हातच न लावणे बरे. पण ती दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. २०१८ साली एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांच्या कार्डांसाठी फर्मवेअर बदलण्याचे एक साधन प्रसिद्ध केले. कारण डिस्प्लेपोर्ट १.३ आणि १.४ या नव्या पद्धतीचे मॉनिटर जोडले असता काही संगणक सुरू होताना पडदा काळा राही. २०२३ मध्ये आरटीएक्स ४०६० टीआय आणि २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० मालिकेतील कार्डांसाठी, काही मदरबोर्डांशी मेळ बसावा म्हणून, अशीच साधने द्यावी लागली. म्हणजे फर्मवेअर बदलल्याने पडदा जसा काळा होऊ शकतो, तसा न बदलल्यानेही होऊ शकतो. प्रश्न बदलावे की बदलू नये असा नसून, कशासाठी, केव्हा आणि कोणत्या क्रमाने, असा आहे.

शुभवर्तमानात जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावण्याचा दृष्टान्त आहे. धुतल्यावर नवे कापड आटते, जुने आटत नाही. ठिगळ निसटते आणि भोक पहिल्यापेक्षा मोठे होते. संगणकाच्या व्यवहारातही दुरुस्तीला 'पॅच', म्हणजे ठिगळ, हाच शब्द रूढ झाला आहे, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. नवे कापड वाईट नसते, जुने वस्त्रही वाईट नसते. दोहोंचा मेळ पाहिला नाही, हा दोष शिंप्याचा.

तेव्हा ज्याच्या हाती अशा सामाईक यंत्राच्या किल्ल्या असतील त्याने काही पथ्ये पाळावीत. पहिले पथ्य वहीचे. व्हीबायोस, ड्रायव्हर, मदरबोर्डचे बायोस आणि कार्यप्रणाली यांच्या आवृत्त्या, बायोसमधील निवडी आणि पाडलेल्या भागांची यादी कागदावर उतरवून ठेवावी. काळ्या पडद्यामागील नोंद कोणाच्याच कामाची नाही. दुसरे पथ्य कारणाचे. नवी आवृत्ती निघाली एवढे कारण पुरेसे नाही. तिच्यासोबतच्या पत्रकात आपला दोष वा आपली गरज स्पष्ट लिहिलेली असावी, अथवा सुरक्षिततेचा प्रश्न असावा. लिनक्समधील आपोआप होणारे बदल ड्रायव्हरपुरते रोखून धरावेत. तिसरे पथ्य एका वेळी एकाच बदलाचे. एकाच रात्री चार थर बदलले आणि सकाळी काही बिघडले, तर गुन्हेगार चौघांपैकी कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

चौथे पथ्य लेखनाच्या क्षणाचे. फर्मवेअर नेमक्या त्याच कार्डाचे आणि अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. नाव सारखे दिसते म्हणून वर्कस्टेशनच्या कार्डात सर्व्हरच्या कार्डाचे फर्मवेअर घालू नये. चिपमध्ये लेखन चालू असताना वीज गेली तर कार्ड अर्धवट लिहिलेल्या पाटीसारखे पडून राहते. यास्तव यू.पी.एस. असल्याखेरीज आणि सर्वांची कामे थांबविल्याखेरीज हे लेखन करू नये. पावसाळ्यातील वादळी रात्री तर नकोच. पाचवे पथ्य परतीच्या वाटेचे. पडद्याची दुसरी सोय, दुसऱ्या संगणकावरून जाळ्यामार्फत आत शिरण्याची वाट आणि जुन्या ड्रायव्हरची प्रत, ही तीन हाताशी असावीत.

या पथ्यांचे मोल कळते ते वाटेकऱ्यांकडे पाहिल्यावर. ज्या कार्डावर एकटाच माणूस काम करतो त्याने ते बिघडविले, तर नुकसान त्याचे आणि मनस्तापही त्याचाच. परंतु चौघांच्या कार्डावर कोणाचे तरी आठ दिवस चाललेले गणित अखेरच्या टप्प्यात असते, कोणाचा प्रबंध सोमवारी द्यावयाचा असतो, कोणाला गिऱ्हाइकाला चित्रे दाखवावयाची असतात. त्यांनी फर्मवेअर हा शब्द कदाचित ऐकलेलाही नसतो. आपला वाटा काल होता तसाच आज असेल, एवढ्याच विश्वासावर ते काम सोडून रात्री घरी गेलेले असतात. कार्डाची भिंत त्यांना एकमेकांच्या चुकांपासून वाचविते. कारभाऱ्याच्या घाईपासून वाचविण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही.

म्हणून बदलाचा दिवस आधी जाहीर करावा, चौघांनाही आपले काम साठवून ठेवण्यास अवधी द्यावा, आणि बदल झाल्यावर प्रत्येकाचा वाटा त्याच्याच कार्यक्रमानिशी चालवून पाहावा. चौथ्याचे काम सुरू झाल्याशिवाय वही मिटू नये. यंत्र चार जणांत वाटता येते. जबाबदारीचे मात्र असे भाग पडत नाहीत. ती ज्याच्याकडे असते त्याच्याकडे अखंडच राहते.